नकाशा क्रमांक सत्तावीसवरचा पूल

"इथे पूलबिल काही नाही," असं साडू म्हणाले तेव्हा नकाशेकाकांच्या हातात चहाचा कप होता. कप त्यांनी बशीत नीट ठेवला, बशी टीपॉयवर ठेवली, टीपॉय उगाचच दोन बोटं पुढे सरकवलं आणि मग म्हणाले, "पुन्हा बोला."

साडू पुन्हा बोलले. साडूंना कुठलीही गोष्ट पुन्हा बोलायला आवडायचं.

इतरांच्या दिवाणखान्यात जिथे सूर्यास्ताचं चित्र असतं, तिथे नकाशेकाकांच्या घरी नकाशा क्रमांक सत्तावीस टांगलेला होता. तीन टेकड्या, एक नदी, आणि नदीवर दोन इवल्याशा समांतर रेघा. त्या रेघा म्हणजे पायी जाण्याचा पूल. काका मोजणी खात्यात आरेखक होते आणि हा नकाशा त्यांनी चोवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने काढला होता. साडूंनी त्या चौकटीशेजारी आपला फोन धरला होता आणि दोन बोटांनी नदी ताणून ताणून मोठी करून दाखवत होते. फोनमध्ये टेकड्या होत्या, नदी होती, पूल नव्हता.

"फोनला काय कळतंय," काका म्हणाले. "तो पूल मी काढलाय."

हे अगदी खरं होतं. खात्याची पद्धतच अशी की आरेखकाने खुर्ची सोडायची नाही. जमिनीवर जाणारी माणसं वेगळी. ती जातात, मोजतात, उन्हाने काळी होऊन परत येतात आणि फाईल करतात. फायलीत जे येईल ते आरेखकाने शाईने कागदावर उतरवायचं, आणि ते बारीक असावं, डाग नसावा, एवढंच त्याने बघायचं. पुलाची फाईल आली तेव्हा तिच्यावर 'काम पूर्ण' असा जांभळा शिक्का होता. काकांनी श्वास रोखून त्या दोन रेघा ओढल्या होत्या. तेव्हा लग्नाला तीनच महिने झाले होते. संध्याकाळी घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, "आज मी एक पूल बांधला." त्यावर ती म्हणाली होती, "मग मला न्या ना एकदा त्यावरून." आणि काका म्हणाले होते, "नेतो."

त्यानंतर घाई कशाला, पूल काय पळून जातोय, या विचारात चोवीस वर्षं गेली.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं. काकूंच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे साडूंच्या पत्नीने, पुढच्या रविवारी सगळ्यांना गाडीने एका बागेत न्यायचं ठरवलं होतं. तिथे गवत कापलेलं असतं आणि बाकांना पाठ असते. काकांनी त्याच रविवारी पुलावरून चालून दाखवायचं जाहीर केलं, तशी ती म्हणाली, "पुलाचं राहू दे, तू आमच्याबरोबर गाडीतून ये." काकूंनी फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मी यांच्याबरोबर येते. पुलावरून."

थोरल्या बहिणीसमोर असं वाक्य बोलणं म्हणजे काय, ते ज्यांना थोरली बहीण आहे त्यांनाच कळेल. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ठरलं असं: काका आणि काकू अलीकडच्या गावापर्यंत एसटीने जाणार, तीन टेकड्या चढून उतरून नदीकाठाने पुलापर्यंत चालणार, पूल ओलांडणार. पलीकडच्या काठावर चार वाजता साडू गाडी आणि जेवण घेऊन उभे असणार. "आणि पूल नसला तर फोन करा," साडू दारातून म्हणाले. "वळसा घालून येईन न्यायला. साठ किलोमीटर काही जास्त नाहीत." त्यांच्या आवाजातली माया काकांना अजिबात सहन झाली नाही.

बातमी जिन्यातून वर गेली, खाली गेली आणि वाढून परत आली. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी बूट दोन नंबर मोठे घ्यायला सांगितलं, कारण चालून पाय सुजतात. इस्त्रीवाल्याने एक नंबर लहान घ्यायला सांगितलं, कारण चालून बूट सैल होतात. काकांनी दोघांचाही मान राखून नेहमीचेच घेतले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी सल्ला दिला नाही. ते स्वतःच यायला निघाले. त्यांनी एकतीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या होत्या आणि एकही मूल हरवलं नव्हतं. एक सापडलं होतं जास्तीचं, पण ते दुसऱ्या शाळेचं निघालं. त्यांच्याकडे शिट्टी होती, छत्री होती आणि हजेरी घेण्याची सवय होती.

मग उपटली परवानगी. टेकड्या वनखात्याच्या, त्यामुळे अर्ज हवा. अर्जात 'चालण्याचा उद्देश' असा रकाना होता आणि पर्याय तीनच होते: लाकूडतोड, गुरे चारणे, संशोधन. हेडमास्तरांनी आपल्यापुरती 'गुरे चारणे' यावर खूण केली. म्हणाले की एकतीस वर्षं वेगळं काय केलं. अर्जाला वाटेचा प्रमाणित नकाशा जोडायचा होता. प्रमाणित नकाशा मोजणी खात्यातून मिळतो आणि खात्यात ते काम बघणारं टेबल काकांचंच होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने शिक्का मारून टाकला असता. पण काका नियमाचे पक्के. त्यांनी बाहेर जाऊन स्वतःला अर्ज लिहिला, आत येऊन तो स्वीकारला, आवक क्रमांक घातला, वाचला, आणि अर्जदाराने तारीख टाकली नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्रुटीचा शेरा मारून त्यांनी तो स्वतःला परत केला. अर्जदाराला त्या दिवशी जरा रागच आला होता. दुसऱ्या दिवशी तारखेसह अर्ज पुन्हा दाखल झाला आणि नकाशा क्रमांक सत्तावीसच्या प्रतीवर काकांनी शिक्का मारला: 'प्रत्यक्ष स्थितीशी जुळते.' खाली सही केली. सही करताना हात किंचित थबकला, पण मागे रांगेत माणसं होती.

रविवारी सकाळी सात वाजता तिघे पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी उभे होते. हेडमास्तरांनी हजेरी घेतली. तिघेही हजर होते.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: काका हरखून गेले. जी टेकडी त्यांनी बारीक तपकिरी रेघांनी काढली होती ती समोर खरोखर उभी होती, अगदी त्याच आकाराची, पूर्वेकडून थोडी चेपलेली. "बघ, बघ," ते काकूंना म्हणाले, "ही चेपलेली बाजू. इथे माझं निब अडकलं होतं." नकाशावर उंचीच्या रेघा जवळ जवळ आल्या की चढ उभा असतो, हे काकांना झोपेतही सांगता आलं असतं. पहिल्या टेकडीच्या मधोमध त्यांनी एके काळी मोठ्या नजाकतीने अकरा रेघा एका नखाएवढ्या जागेत बसवल्या होत्या. साहेबांनी पाठ थोपटली होती. आता त्या अकरा रेघा एकेक करून गुडघ्यांतून वर चढत होत्या, आणि सातव्या रेघेवर काकांना वाटलं की आपण तरुणपणी जरा हात आखडता घ्यायला हवा होता.

काकू मात्र पुढे होत्या. घरात भाजीची पिशवी दोन जिने आणताना कमरेला हात लावणाऱ्या काकू माथ्यावर जाऊन ओरडून सांगत होत्या की वर वारा आहे, लवकर या. काका पोचले तेव्हा त्यांचं तोंड लाल आणि मन गार झालं होतं. खाली पुढच्या दोन टेकड्या आणि त्यांच्यामागे चकाकणारी नदी, सगळं जागच्या जागी. काकांनी खिशातून नकाशा काढला, नदीची वळणं मोजली. तीन वळणं कागदावर, तीन वळणं खाली. त्यांचे डोळे भरून आले. "सगळं आहे," ते म्हणाले. "सगळं जुळतंय."

"मग पूलही असेल," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या टेकडीच्या अलीकडे वनखात्याची चौकी होती. तिथल्या रखवालदाराने कागद उलटसुलट करून बघितले आणि विचारलं की गुरं कुठे आहेत. हेडमास्तरांनी सोबतच्या दोघांकडे बोट दाखवलं. रखवालदाराने वहीत 'गुरे दोन' अशी नोंद केली आणि सोडलं. काका पुढचा अर्धा तास या नोंदीविरुद्ध तक्रार कोणाकडे करता येईल याचा विचार करत होते. काकूंना चालता चालता मधेच हसू फुटत होतं, आणि त्या हसल्या की काकांचा पाय घसरत होता.

तिसऱ्या टेकडीवर तिघांनी केळी आणि उकडलेली अंडी खाल्ली. उतरताना हेडमास्तरांची छत्री झुडपात अडकून उलटी झाली आणि सरळ होईना. ती तशीच खांद्यावर घेऊन ते चालू लागले. मग नदीकाठाची सपाट वाट लागली. एका बाजूला पाणी खळाळतंय, दुसरीकडे उंच गवत, आणि काकू गुणगुणताहेत. लग्नानंतर काकूंना गुणगुणताना काकांनी फारच कमी ऐकलं होतं. ते मनाशी म्हणाले, आता फक्त पूल.

तिसरं वळण आलं. काका पुढे धावले. बावन्न वर्षांचा माणूस पाठीवर पिशवी घेऊन धावतो तेव्हा आतले डबे वाजतात, तसे ते वाजत गेले.

काठावर एक पाटी होती. चांगली लोखंडी, दोन खांबांवर उभी, अक्षरं अजून वाचण्याजोगी. 'पूल अरुंद आहे. पादचाऱ्यांनी एकामागून एक जावे.' पाटीच्या पुढे चार लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. खुंट्यांच्या पुढे नदी होती. नदीच्या पुढे पलीकडचा काठ होता. बाकी काही नव्हतं.

काकांनी नकाशा बघितला. नदी बघितली. नकाशा उलटा धरून बघितला. मग खात्यातल्या माणसाला सुचेल तेच त्यांना सुचलं: आपण चुकीच्या नदीवर आलो असू.

तेवढ्यात गवतातून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारी. तिने तिघांना निरखून पाहिलं, उलट्या छत्रीवर नजर जरा जास्त वेळ ठेवली आणि काय शोधताय म्हणून विचारलं. हेडमास्तरांनी पुलाबद्दल विचारलं.

"पूल यायचा होता," ती म्हणाली. "मोजायला माणसं आली होती. खुंट्या ठोकल्या, पाटी लावली, फोटो काढला आणि गेली. खुंट्या चांगल्या आहेत. दुपारी शेळ्या बांधते मी."

काका पाटीखाली बसले. चोवीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पूल बोट ठेवून दाखवला होता. मागच्याच आठवड्यात सही करून सांगितलं होतं की तो जुळतो. आणि आता तीन वाजले होते, पलीकडे साडू येणार होते. खिशातला फोन काढून फक्त एवढंच म्हणायचं होतं की साडू, पूल नाही. मग साठ किलोमीटरचा वळसा, गाडीतली माया, आणि पुढची सगळी वर्षं दिवाळखोरासारखं त्यांच्यासमोर बसणं. पण काकांना खरं वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. काकू सख्ख्या बहिणीला नकार देऊन काकांच्या शब्दावर आल्या होत्या.

"चूक झाली," ते काकूंकडे न बघता म्हणाले. "मी कधी येऊन बघितलंच नाही. शिक्का होता म्हणून काढला. साडूंना फोन करतो."

काकूंनी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग म्हातारीकडे वळून विचारलं, "तुम्ही पलीकडे कशा जाता हो, आजी?"

"उतारातून," म्हातारी म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय होतं. तिने शंभरेक पावलं वर नेऊन दाखवलं. तिथे नदी रुंद आणि उथळ होती, तळाचे गोटे दिसत होते. पाणी गुडघ्याला लागेल म्हणाली, मध्ये जरा ओढ आहे, एकमेकांना धरून जा, एकटं कोणी जाऊ नका.

नकाशावर हा उतार नव्हता. त्याची फाईल कधी झालीच नव्हती.

हेडमास्तरांनी बूट गळ्यात अडकवले, पँट वर दुमडली, हजेरी घेतली आणि शिट्टी वाजवली. काकूंनी कपडे वर खोचले आणि काकांचा हात धरला. काकांनी दुसऱ्या हाताने नकाशा डोक्यावर धरला होता. पाणी इतकं गार होतं की पहिल्या पावलाला दोघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला. मधोमध खरंच ओढ होती. काकांचा पाय गोट्यावरून सटकला, ते कमरेपर्यंत बसले, नकाशा हातातून सुटला आणि वाहत निघाला. हेडमास्तरांनी प्रसंगावधान राखून उलटी छत्री पाण्यात घातली आणि नकाशा पकडला. काकू हसत सुटल्या. पाण्यात उभ्या राहून, नवऱ्याला ओढत, त्या इतक्या हसल्या की काकांनाही हसू आवरेना. पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत तिघेही चिंब भिजले होते आणि काकांना पुन्हा एकदा पाण्यात जावंसं वाटत होतं.

चार वाजले. साडू काठावर नव्हते. तिघे गाडीरस्त्याच्या दिशेने वर चढले तर शेतातून हाका ऐकू आल्या. साडूंची गाडी चाकं बुडेपर्यंत चिखलात बसली होती, थोरली बहीण टपावर बसून संत्रं सोलत होती आणि साडू ढोपरापर्यंत चिखलात उभे राहून फोन आभाळाकडे धरत होते. फोनमध्ये तिथे रस्ता होता. अगदी निळ्या रेघेने दाखवलेला.

काकांना पाहून साडूंचा चेहरा उजळला. मग त्यांनी तिघांचे कपडे बघितले. "पुलावरून आलात?" त्यांनी विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं. पण हेडमास्तर आधी बोलले. आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून जपून बोलले. "पुलाची उंची," ते म्हणाले, "जरा कमी पडते."

"पूल नाहीये," काका म्हणाले. हे ते इतक्या सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "चोवीस वर्षांत झालाच नाही. मी काढला होता, तेवढाच."

बोलण्यासारखं बरंच साडूंच्या मनात असणार, पण ढोपरापर्यंत चिखलात उभ्या माणसाला ते शोभलं नसतं. "रस्ताही नाहीये," ते अखेर म्हणाले. मग पाचही जणांनी मिळून गाडी ढकलली.

सोमवारी काकांनी पूल वगळण्याचा अर्ज केला. तो साहेबांकडे गेला आणि दुपारी परत आला. शेरा होता: 'पूर्ण झालेला पूल वगळता येत नाही. वाहून गेला असल्यास पुराची तारीख नमूद करावी.' काकांनी तो शेरा तीनदा वाचला, अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीपेक्षा लवकर घरी आले.

भिंतीवरची चौकट उतरवून त्यांनी काच काढली. ब्लेडच्या टोकाने, श्वास रोखून, त्या दोन रेघा खरवडायला सुरुवात केली. काकू चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"वाईट वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय," काका म्हणाले. "तुला त्यावरून न्यायचं होतं."

"बरं झालं नव्हता तो," काकू म्हणाल्या. "पाटी वाचलीत ना? पुलावरून तुम्ही पुढे गेला असतात आणि मी मागून आले असते."

काकांचं ब्लेड थांबलं. मग त्यांनी निब शाईत बुडवलं, खरवडलेल्या जागेपासून शंभर पावलं वर मोजली आणि नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत उताराची खूण काढली. खात्याच्या नियमाप्रमाणे ती ठिपक्यांची एकच ओळ असते. काकांनी दोन ओळी काढल्या, अगदी शेजारी शेजारी. मधोमध जिथे ते पाण्यात बसले होते, तिथे हात जरा हलला आणि एक डाग पडला. तो त्यांनी तसाच राहू दिला.